झेरॉक्सवाल्याचं राष्ट्रीय दप्तर

फोनमधली फाइल शेजारच्या फोनवर धाडायला अँड्रॉइडवाल्यांकडे क्विक शेअर आहे, आयफोनवाल्यांकडे एअरड्रॉप. इंटरनेट नको, नंबर नको. म्हणूनच ही सोय मागे पडली. तिने ओळख वाढत नाही.

त्यापेक्षा कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान पाहा. काचेवर पाटी: ‘प्रिंटसाठी या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप करा.’ आधार, पॅन, कॅन्सल चेक, सातबारा, जातीचा दाखला, सगळं क्षणात एका अनोळखी माणसाच्या हवाली. आधारचे पहिले 8 आकडे झाकलेली प्रत सरकार फुकट देतं. पण झाकून पाठवायचं म्हणजे दुकानदारावर अविश्वास, आणि ते आपल्या संस्कारांत बसत नाही. प्रिंट निघाली तरी तो बापडा काहीच डिलीट करत नाही. इतक्या निष्ठेनं कागद जपणारं खातं सरकारकडे तरी कुठलं आहे? उद्या तहसिलातलं दप्तर उंदरांनी खाल्लं, तर नक्कल याच्याच ‘डाउनलोड्स’मध्ये सापडेल. अर्जांवर ‘साक्षांकित प्रत’ऐवजी ‘झेरॉक्सवाल्याकडे उपलब्ध’ असा रकाना लवकर यावा.

गिऱ्हाइकंही काही भोळी नव्हेत. पाच रुपयांसाठी यूपीआयचा पिन टाकायची वेळ आली, की जो तो पाठ फिरवतो आणि स्क्रीनवर तळहाताचा आडोसा धरतो.