रामाची थोरली वहिनी

एके काळी मुंबईतल्या सगळ्या गच्च्या वरळीकडे तोंड करून उभ्या असत. गिरगावातली कौलं असोत की लालबागचे पत्रे, त्यांच्यावर उगवलेल्या ॲल्युमिनियमच्या काड्यांना दिशा म्हणून एवढी एकच ठाऊक होती. कावळ्यांना बसायला नवी जागा मिळाली आणि घरोघरच्या थोरल्या मुलाला नवं काम. त्यानं वर चढून दांडा फिरवायचा आणि खालून ‘आलं, आलं... गेलं! होतं तिथंच ठेव की!’ अशा आरोळ्या यायच्या. आम्हा वरळीकरांना हा त्रास कमी. पंढरपुरात राहणाऱ्याला वारीचं जेवढं अप्रूप, तेवढंच आम्हाला त्या टीव्हीच्या मनोऱ्याचं. तो आमच्या डोक्यावरच होता. पांडुरंग बुधकर मार्गावर, दूध आणायला जाताना दिसणारा.

दिल्लीत दूरदर्शन १९५९ साली सुरू झालं. आमच्याकडे ते यायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडला. वर्षभरानं सिंहगडावरून ते पुणेकरांनाही दिसू लागलं आणि मग त्याच्यातल्या चुकाही रीतसर निघू लागल्या. त्या पहिल्याच वर्षी वरळीच्या स्टुडिओत एका बाईंनी सिनेमाच्या लोकांना बोलावून गप्पा मारायला सुरुवात केली आणि एकवीस वर्षं, म्हणजे थेट १९९३ पर्यंत, त्या थांबल्याच नाहीत. कार्यक्रमाचं नाव ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ आणि बाई म्हणजे तबस्सुम. १८ नोव्हेंबर २०२२ ला, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ती गेली. (मघाशी ‘त्या’ म्हटलं आणि लगेच ‘ती’वर आलो, याची मला जाणीव आहे. पण जी बाई आपल्याशी इतकी वर्षं हसून बोलली, तिला मेल्यावर अहो-जाहो करणं जिवावर येतं.) त्याच वर्षी जूनमध्ये प्रदीप भिडे गेले होते. त्यांच्या आवाजात बातमी ऐकली, की ती वाईट असली तरी निदान शुद्ध आहे असं वाटायचं.

मनोऱ्याच्या सावलीत राहणाऱ्या आमच्यापैकी फार थोड्यांकडे टीव्ही होता, ही एक गंमतच. आमची बीडीडी चाळ. एकशे साठ चौरस फुटांची खोली, तिच्यात माणसं किती हे जनगणनेवाल्यालाही एका दमात लिहिता येत नसे. आमच्या मजल्यावर टीव्ही आला तो काकूंच्या खोलीत. काका गिरणीत जॉबर होते. लाकडी पेटी, तिला सरकणारी दारं, वर क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर पोस्टातून काढलेल्या टीव्हीच्या लायसनचं पुस्तक, कुणी विचारायला आलंच तर हाताशी असावं म्हणून. कुणी कधी आलं नाही. आम्ही मात्र सगळे यायचो.

‘चपला भायर काढा रे. पाय पोटाशी घेवन बसा, मागच्यांका दिसाक व्हया.’ काकू मूळच्या मालवणकडच्या. दारात उभ्या राहून त्या माणसं आत घेत. उंच मुलं भिंतीशी, बुटकी पुढे, म्हातारी माणसं कॉटवर आणि नवी लग्न होऊन आलेली सून उंबऱ्याजवळ, म्हणजे सासूची हाक ऐकू यावी. त्या सगळ्यांत काकूंना स्वतःला जागा उरत नसे. त्या मोरीच्या कट्ट्याला टेकून पाहत, तिरक्या. इतकी वर्षं तबस्सुमची एकच बाजू पाहिलेली माणसं जगात कमीच असतील.

आणि तिकडे, पायी गेलं तर दहा-पंधरा मिनिटांवरच्या स्टुडिओत, दुसरी एक बाई नेमकं हेच करत होती. माणसाला आत घेत होती, बसवत होती, त्याच्या पायांत घोटाळणारा संकोच हलक्या हातानं बाजूला सारत होती. आता मुलाखती सकाळ-संध्याकाळ मिळतात. तेव्हा नट दिसायचा तो पडद्यावर, दुसऱ्यानं लिहिलेले संवाद बोलताना. तो स्वतःच्या मनानं बोलायला लागला की आपल्यासारखाच अडखळतो, खाकरतो, हातांचं काय करावं हे त्याला कळत नाही, हा शोध आम्हाला तबस्सुमच्या कार्यक्रमात लागला. तो अडखळला की ती एखादा शेर टाकायची, नाहीतर चुटका सांगायची. तिचं हसू चुटक्याच्या थोडं आधीच निघालेलं असे. पाहुणा सैलावला की ती मागे सरायची. आम्ही जायचो नट-नट्या पाहायला. आज त्यांतल्या कोण काय बोललं हे विचाराल तर मला शपथेवर काही सांगता येणार नाही. आठवते ती पाहुण्यांकडे किंचित झुकून ऐकणारी बाई.

तिला नटांचं दडपण नव्हतं, याचं कारण काकांना ठाऊक होतं. त्यांनी जुने सिनेमे मॅटिनीला पाहिले होते. ही ‘बेबी तबस्सुम’ म्हणून १९४७ मध्येच, तीन वर्षांची असताना, कॅमेऱ्यासमोर उभी राहिलेली. ‘दीदार’मध्ये नर्गिसचं बालपण तिनं केलं, ‘बैजू बावरा’त मीना कुमारीचं. म्हणजे मोठमोठ्या नायिकांची बालपणं जिनं आधीच जगून ठेवलेली, तिला त्यांच्या मोठेपणाची काय भीती? काका हे सांगताना ‘मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं’ अशा चेहऱ्यानं बसत.

तबस्सुमच्या केसांत फूल असायचं. त्या फुलाचा रंग हा आमच्या मजल्यावरचा जुना, न सुटलेला वाद. टीव्ही काळा-पांढरा, त्यामुळे फूल राखाडीच. समोरच्या खोलीतल्या आजी ‘लाल’ म्हणून ठाम होत्या. ‘गुलाबी, साडीवर लाल कुणी माळत नाही,’ असं सुनेचं मत, पण ते ती सासू नसताना सांगायची. काकू म्हणायच्या, आबोली. काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर आबोली ओळखायला दृष्टी हवी.

१९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि देशात रंगीत टीव्ही आला तोही त्याच वर्षी. दिल्लीतल्या एशियाडच्या निमित्तानं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. आमच्या मजल्यावर मात्र तो होता. भोंगे बंद झाले. काका दिवसा घरी दिसू लागले आणि भर दुपारी घरात बसलेल्या पुरुषमाणसाकडे कसं बघायचं हे कुणालाच कळेना. काही मंडळी गावी निघून गेली, भात लावायला. काकूंच्या खोलीतलं पितळ हळूहळू कमी झालं. टीव्ही विकायचा विषय निघाला असणार, कारण एक संध्याकाळ पेटीची दारं बंद होती आणि आम्ही पोरं व्हरांड्यात चपला न काढता घुटमळत होतो. मग आतून हाक आली. चहा मात्र त्यानंतर बंद झाला. पूर्वी मोठ्या माणसांना अर्धा-अर्धा कप मिळत असे. त्याबद्दल कुणी बोललं नाही. समोरच्या आजी त्या दिवसापासून ‘मला आता चहा सोसत नाही’ असं सगळ्यांना सांगू लागल्या, विचारलं नसताना. आणि दक्षिण मुंबईतल्या कुठल्याशा दिवाणखान्यात तबस्सुमचं फूल एव्हाना रंगीत झालं असेल. आमच्याकडे ते राखाडीच राहिलं, त्यामुळे वादही टिकला.

काकूंचं हिंदी तोवर भाजीपुरतं होतं. तबस्सुमच्या संगतीत त्याला अत्तर लागलं. जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण एकदा दारात आली, तर काकूंनी तिला चक्क ‘तशरीफ रखिए’ म्हटलं. ती इतकी गांगरली की घासाघीस न करता दोन लुगड्यांवर स्टीलचं पातेलं देऊन गेली. काकूंना मागाहून वाईट वाटलं. पुढच्या खेपेला त्यांनी तिला पोहे खायला घातले.

सगळ्यात मोठा पेच १९८७ मध्ये पडला. रविवारी सकाळी ‘रामायण’ लागायचं, आणि काकू आंघोळ करून, टीव्हीला हार घालून, उदबत्ती लावून मगच दारं सरकवायच्या. कुणीतरी मासिकातून बातमी आणली, की राम झालेले अरुण गोविल हे तबस्सुमचे दीर. तिचे यजमान विजय गोविल हे त्यांचे थोरले भाऊ. खोलीत शांतता पसरली. काकू हार हातात धरून तशाच उभ्या. ‘रामाक थोरलो भाव?’ त्या म्हणाल्या. ‘मगे राज्य तेका व्हया होता. वनवास कित्याक?’ यावर दशरथाकडेही उत्तर नव्हतं. पण त्या दिवसापासून काकूंच्या मनात तबस्सुमला एक स्थान मिळालं, जे वाल्मीकींना सुचलं नव्हतं. एखादे दिवशी कार्यक्रमाच्या वेळी उदबत्तीचा उरलेला तुकडा टीव्हीपाशी दिसे. त्याबद्दल विचारायची कुणाची छाती नव्हती.

पुढे वाहिन्या शंभर झाल्या, गच्च्यांवरच्या काड्या गंजून गेल्या. घराघरांत टीव्ही आला तेव्हा आम्ही काकूंकडे जाणं बंद केलं. तसं कुणी ठरवलं नव्हतं, चपला आपसूक स्वतःच्या दाराशी थांबू लागल्या. आता चाळीच्या जागी टॉवर उभे राहतायत, पाचशे फुटांचे ब्लॉक. काकू लेकाकडे विरारला असतात. तिकडे नातीनं त्यांना फोनवर ‘तबस्सुम टॉकीज’ लावून दिलं. म्हातारपणी तबस्सुमनं यूट्यूबवर थाटलेलं हे दुकान. समोरची खुर्ची आता रिकामी. तिनं ज्यांना प्रश्न विचारले त्यांतले बरेच जण गेलेले, म्हणून त्यांच्या गोष्टी तीच सांगायची, हसू पूर्वीसारखंच गोष्टीच्या आधी. पाहुणे उठून गेल्यावर घरातल्या बाईनं पसारा आवरता आवरता कोण काय म्हणालं ते स्वतःशी आठवावं, तसं ते बोलणं.

आपण गेल्याची बातमी लगेच कुणाला सांगू नका, अशी तिची इच्छा होती, असं तिच्या मुलानं सांगितलं. मी काकूंना फोन केला तेव्हा त्यांना हे आधीच कळलं होतं. ‘बरोबर केल्यान,’ त्या म्हणाल्या. ‘आपल्या जाण्यान लोकांची धांदल कित्याक?’ फोनमागून कुणाचं तरी भरभर, हसरं हिंदी ऐकू येत होतं. कुणाचं ते मी ओळखलं. काय बोलावं ते न सुचून मी म्हटलं, काकू, तुम्ही अजून तेच लावून बसलात?

‘गेली ता माका म्हायत आसा रे. पण ही गजाल अर्धी रवली हा, ती पुरी होऊंदे. मगे करतंय फोन.’