कांद्याला हवा, पोराला एसी

वडगाव निंबाळकरच्या पंचक्रोशीत हवा मोजून घेण्याचा पहिला मान कांद्याचा. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाने त्याच्यासाठी चाळीचा आराखडाच करून दिलाय. तळ जमिनीपासून उचललेला, बाजूंना फटी, ढिगाची रुंदी चार फूट, उंची पाच फूट. यापुढे गेलात तर मधला कांदा घुसमटतो आणि सडतो. अनुदान हवं तर चाळ मापातच पाहिजे.

दुसरा मान कोंबडीचा. शेडची लांबी पूर्व-पश्चिम, बाजूला गुडघाभर भिंत, वर जाळी, जाळीला वर-खाली होणारे पडदे. आत शिरताच अमोनियाने डोळे चुरचुरले की मालक आधी पडदे उघडतो. मर वाढली तर पैसे कापले जातात ना! तिसरा मान गाईचा. तिला मुक्त गोठा मिळाला, वर पंखेसुद्धा.

माणसाच्या पोराचा नंबर अजून लागलेला नाही. त्याच्यासाठी अभ्यासिका आहे.

म्हणजे शटरचा गाळा, आत प्लायवूडचे कप्पे, भिंतीवर एसी. बाहेर फ्लेक्स: संपूर्ण वातानुकूलित, मोफत वायफाय, आरओचं पाणी. पाणी कुठलं ते लिहितात. हवा कुठली, ते कुणी विचारत नाही. वास्तविक भिंतीवरचा एसी बाहेरची हवा आत आणतच नाही. आतलीच ओढतो, गार करतो आणि परत तोंडावर सोडतो.

जरा हिशेब करू. स्पर्धा परीक्षेची पोरं आहेत, गणित येतंच. समजा खोली बारा बाय वीस, उंची दहा फूट. हवा झाली सुमारे 68 हजार लिटर. बसलेला माणूस तासाला साधारण 18 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. 25 पोरं, म्हणजे 450 लिटर. म्युनिकच्या पेटनकोफर या आरोग्यशास्त्रज्ञाने 1858 मध्येच सांगून ठेवलं की खोलीत हा वायू हजारात एक भागाच्या वर जाऊ देऊ नका. बाहेरच्या हवेतच तो आज दहा हजारांत चार भागांहून थोडा जास्त आहे. दार-खिडकी घट्ट बंद असेल तर पेटनकोफरची रेघ पाच मिनिटांत ओलांडली जाते. तोवर पोराने पेनाचं टोपणही काढलेलं नसतं.

तेवढ्याने कुणी मरत नाही. शेजारच्याने सोडलेला श्वास आपण किती घेतोय, याची ती खूण आहे. सर्दी आणि क्षय याच वाटेने येतात. दुपारी तीनला डोकं जड झालं की पोरगं मात्र स्वतःलाच आळशी ठरवतं आणि घरचे मोबाइलला शिव्या देतात.

जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये माणशी सेकंदाला 10 लिटर ताजी हवा सांगितली. आपल्या खोलीला लावा: तासाभरात सगळी हवा तेरा वेळा बदलायला हवी. आपल्याकडे ती रात्री झाडू मारताना बदलते, तीही झाडणारीने शटर पूर्ण उचललं तर.

नियम आपल्याकडे नाही असं नाही. राष्ट्रीय बांधकाम संहिता कोरड्या उष्ण हवामानात खिडक्या-झरोक्यांसाठी जमिनीच्या किमान एक दशांश क्षेत्रफळ मागते. या खोलीला चार बाय तीनच्या दोन खिडक्या. त्या नकाशात असतात. प्रत्यक्षात एकीवर प्लायवूड ठोकून चार्जिंगचा बोर्ड बसवलेला असतो आणि दुसरीत एसीचा पाइप. वास्तुशास्त्राचा जाणकार येऊन तोंड कुठल्या दिशेला, एवढंच बघून जातो. निरक्षर आजीच्या माळवदाला निदान सवणं, म्हणजे छतातला झरोका, तरी होतं.

चालकांचं म्हणणं, खिडकी उघडली की बिल वाढतं, धूळ येते, उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी येतात. गाण्यांचं खरं आहे. पाचट पेटवलेल्या दिवशी खिडकी लावून घ्यावी, हेही मान्य. पण पाचट काही बारा महिने पेटत नाही, आणि वर छताजवळ एक एक्झॉस्ट पंखा, समोरच्या भिंतीला खाली झरोका, एवढ्याचा खर्च एसीपुढे किरकोळ आहे.

तेव्हा पालकहो, फी भरण्याआधी आत जाऊन खिडकी उघडून बघा. उघडली नाही, तर पैसे खिशातच ठेवा.