गोधड्यांचं डेडस्टॉक

माझ्याकडे एक दोनशेपानी वही आहे. कडक पुठ्ठा, पाठीला लाल कापड, आणि वर माझ्या सुवाच्य अक्षरात : ‘गोधडी नोंदवही, सन २०११ पासून’. एका शाळेच्या कार्यालयात मी एकतीस वर्षं लिपिक होते. बाकं, घंटा, नकाशे, तीन पायांच्या खुर्च्या हे सगळं डेडस्टॉक रजिस्टरला चढवण्यात हयात गेली. निवृत्तीनंतरच्या आठवड्यात पहिली गोधडी शिवायला घेतली आणि दुसऱ्या दिवशी हात आपोआप रकाने आखू लागले. अनुक्रमांक, आरंभ, समाप्ती, वापरलेले कापड, कोणास दिली, सद्यस्थिती, शेरा. आजवर तेवीस गोधड्या झाल्या. चोविसावी चालू आहे.

‘हे’ म्हणाले, “पांघरुणाला कसलं आलंय रजिस्टर?” पण ह्यांनी माझ्या आईचा कारभार पाहिलेला नाही.

आईनं जन्मभर वाकळा शिवल्या. (आमच्या साताऱ्याकडं वाकळच म्हणतात. गोधडी हा शब्द मी पुण्यात आल्यावर पांघरला.) तिचं सगळं रेकॉर्ड तोंडी. दुपारी ओसरीवर वाकळ पसरून ती एकेका तुकड्यावर बोट ठेवायची. हा हिरवा काठ माझ्या आईच्या इरकलीचा, हे तुझ्या आजोबांचं धोतर, ही तुझ्या पाचवीच्या फ्रॉकची फुलं. ऐकून गहिवरून यायचं. पुढं माझ्यातली लिपिक जागी झाली तेव्हा लक्षात आलं, की मावशी आली की तोच हिरवा काठ मावशीच्या सासूचा होतो, आणि उसाचं बिल आल्यावर मामाकडं पैसे मागायचे असले की मामाच्या लाडक्या आजीचा. समोर बसलेल्या माणसाचं कुणी ना कुणी त्या काठातून निघायचंच. मामानं त्या काठापायी दोनदा पैसे दिले आहेत. आई म्हणून मला तिचं कौतुक आहे, पण असलं रेकॉर्ड ऑडिटला टिकत नाही.

माझ्या वहीत प्रत्येक तुकड्याला एकच मालक.

वहीत सगळ्यात जास्त जागा ‘वापरलेले कापड’ हा रकाना खातो. गोधडीला लागतं जुनं सुती कापड, शंभर धुण्यांनी मऊ झालेलं. जुनं नऊवार पातळ मिळालं तर सोनंच. त्याच्या घड्या घालून फरशीवर अंथरायचं, चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा आणि पिठाचे दोन डबे ठेवायचे, आत धोतरं-चादरींचे थर द्यायचे, वरून दुसरं पातळ. मग मोठ्या टाक्यांनी सगळं टाचून घ्यायचं आणि कडेपासून धावदोरा सुरू करायचा, चारी बाजूंनी आत आत येत मध्यापर्यंत. फरशीवर मांडी घालून हे काम दीड-दोन महिने चालतं. त्या काळात घरातली माणसं भिंतीला चिकटून चालतात आणि पीठ हवं असेल तर परवानगी मागतात.

पण आता सुती पातळं आणायची कुठून? वहीच बोलते. पहिल्या पाच गोधड्यांत ‘पातळ, सुती’ ओळीनं दिसतं. दहाव्यापासून ‘साडी, सिंथेटिक’ शिरली. ती दोऱ्याला धरून राहत नाही, थरांमधून माशासारखी निसटते आणि पांघरल्यावर अंगाला घाम फोडते. अठराव्यात सुनेची जीन्स आहे. शेरा : ‘सुया मोडल्या, नग ४.’

लेखी नोंदीचे तोटे मला माहीत नव्हते असं नाही. शाळेत एक गहाळ हार्मोनियम माझ्या एका ओळीमुळं मुख्याध्यापकांच्या घरी सापडली होती. तरी वही दिवाणावर उघडी ठेवायची चूक मी केलीच. आमच्या जाऊबाईंनी ती चाळली आणि सहाव्या क्रमांकाशी त्या थबकल्या. ‘पातळ, जांभळे, नग १, विनावापर.’ ते त्यांनीच मला वास्तुशांतीला नेसवलं होतं. तेव्हापासून त्या मला पाकीट देतात.

दर दिवाळीला मी प्रत्यक्ष पडताळणी करते. नातेवाइकांना वाटतं फराळाला आले. मी चिवडा खात खात हळूच विचारते, “गोधडी बरी आहे ना?” मग आत कुजबुज होते, कपाट करकरतं, आणि गोधडी येण्याआधी डांबराच्या गोळ्यांचा वास दिवाणखान्यात येतो. “रोज घेतो हो आम्ही!” मी मान डोलावते. घरी आल्यावर ‘सद्यस्थिती’त लिहिते : ‘घडी अबाधित.’

सर्वांत सुबक उतरली ती सातवी. चार बोटांत बारा टाके. ती मी चुलतपुतण्याला लग्नात दिली आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच्या जिन्याखाली पाहिली, स्कूटरवर. पुतण्या म्हणाला, “काकू, ताडपत्रीनं रंगाला चरे पडतात, ही मऊ आहे.” गाडगेबाबा चिंध्यांचं वस्त्र वागवीत म्हणून लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत. गोधडीला केवढी परंपरा आहे! पण स्कूटरनं ती पांघरावी, याला त्या परंपरेत काही आधार सापडत नाही.

याउलट चौदावी. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आधी, अर्ध्या नजरेनं शिवलेली. धावदोऱ्याची गोमूत्रिका झाली होती. न्यू जर्सीच्या भाचीला सामानात काहीतरी द्यायचं म्हणून दिली. तिनं ती भिंतीवर टांगली आहे आणि वर दिवा सोडला आहे. तिथले पाहुणे म्हणे त्या वाकड्या टाक्यांपुढं उभे राहून बराच वेळ गप्प राहतात. गप्प तर मीही राहिले असते, पण वेगळ्या कारणानं.

मात्र माझ्या वहीची खरी कदर भाचीनंच केली. केंटकी राज्यात १९८१ मध्ये लोकांना गावोगाव दिवस ठरवून घरातल्या गोधड्या घेऊन बोलावलं आणि त्यांची रीतसर नोंद केली, हे तिनं मला फोनवर सांगितलं. पुढं इतर राज्यांनीही तेच केलं. “मावशी, तिकडं गोधडीच्या पाठीवर नाव आणि साल शिवतात. तूही शीव.” मी ह्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “म्हणजे अमेरिकेत गोधड्यांचं डेडस्टॉक ठेवतात म्हणतेस?”

‘हे’ पेपर वाचत होते. पण त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा वही हातात घेतली, आणि नवव्या क्रमांकावर त्यांचं बोट थांबलं.

“‘निळा चौकड्यांचा शर्ट, पुरुषी, नग १, खिसा शाबूत.’ अगं, हा माझा शर्ट!”

तो शर्ट २०१४ पासून बेपत्ता होता. त्याच्यापायी ह्यांनी इस्त्रीवाला बदलला होता. मी म्हटलं, “कॉलर विरली होती.”

“कॉलरचं सोड. त्या खिशात पाचशेची नोट होती.”

“मला कधी बोलला नाहीत?”

“तुला बोलायचं असतं तर खिशात कशाला ठेवली असती?”

नववी गोधडी सांगलीला वन्संकडे. पुढच्याच रविवारी आम्ही एसटीनं गेलो. गोधडी वापरात होती, हे मी आनंदानं नमूद करते. ह्यांनी ती पलंगावर पसरली, निळा चौकोन शोधला आणि खिशावर अंगठा दाबला. आत कुरकुरलं.

“हां, तो आवाज होय,” वन्सं म्हणाल्या, “आम्हाला वाटायचं, काठात खरी जर आहे.”

मी दोन टाके उसवून आत बोट घातलं. धुण्यांनी नोट मऊ पडली होती, पण अख्खी होती. माझा धावदोरा गांधीजींच्या चष्म्यातून आरपार गेला होता. टाका मात्र सरळ. आणि नोट जुनी, ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री रद्द झालेली. ह्यांनी ती उजेडाकडं धरायचा प्रयत्न केला, पण गोधडीतून सुटेना, म्हणून गोधडीच उजेडाकडं धरली.

वन्संना मी बाविसावी दिली. नववी आता आमच्याकडे आहे. खिसा मी पुन्हा शिवून टाकला. ‘हे’ ती बाजू वर करून झोपतात आणि कुशीवर वळले की अंधारात कुरकुर ऐकू येते.

वहीत मी शेरा लिहिला : ‘मूळ मालकास परत. आत रोख रु. ५००, चलनबाह्य.’ त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, पेन मागितलं आणि खाली ‘मिळाले’ लिहून तारखेसह सही केली.