भाडं कुणाला द्यायचं?

वाटणीच्या बाबतीत देवासच्या माणसाला कुणी शिकवू नये. 1728 मध्ये थोरल्या बाजीरावांबरोबर तुकोजी आणि जिवाजी पवार हे भाऊ माळव्यात उतरले आणि पुढे एकाच गावात दोन राज्यं झाली, थोरली पाती आणि धाकटी पाती. मुख्य रस्त्याच्या अलीकडे एक कारभार, पलीकडे दुसरा. पाणी निराळं, दिवेही निराळे. इंग्रजांशी 1818 चा तह मात्र दोघांनी मिळून केला. परक्यासमोर भाऊबंद शहाणे होतात.

देवीच्या टेकडीवरही तेच. 1921 मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांकडे चिटणीस असलेल्या फॉर्स्टरसाहेबानं पुढे आपल्या पुस्तकाला याच टेकडीचं नाव दिलं. थोरली तुळजाभवानी आणि धाकटी चामुंडा या बहिणींचं एकदा बिनसलं म्हणतात. थोरली जमिनीत शिरू लागली, धाकटी टेकडी सोडून निघाली. हनुमान आणि भैरवबाबा मध्ये पडले म्हणून निभावलं. बिनफीचे मध्यस्थ गावाला त्यानंतर मिळाले नाहीत.

आमचे घरमालकही दोघे सख्खे भाऊ, आणि वाटणी अजून तोंडीच. वडील गेल्यावर धाकटे येऊन भाडं मागू लागले, मी दिलं. मग थोरल्यांची वकिलामार्फत नोटीस आली: दोन महिन्यांत थकबाकी भरा, नाहीतर जागा खाली करा. कसली थकबाकी? धाकट्यांना दिलेलं भाडं थोरल्यांच्या हिशेबी दानधर्मात गेलं होतं.

दावा लागला. माझ्या वकिलांनी मध्य प्रदेशचा 1961 चा स्थान नियंत्रण कायदा उघडला. कलम 13 पाहून जीव भांड्यात पडला. भाडं कुणाला द्यायचं याचाच वाद असेल, तर ते न्यायालयात जमा करायला सांगता येतं. तसा आदेश झाला. आता दर महिन्याच्या 15 तारखेच्या आत पैसे भरायचे, की झालं.

इतका सज्जन घरमालक मला जन्मात भेटला नव्हता. पावती देतो, पाहुणे मोजत नाही, मासळी शिजली तर जिन्यात खाकरत नाही. चहाला मात्र बोलावता येत नाही.

पहिल्या पावसात स्वयंपाकघर गळू लागलं. थोरल्यांकडे गेलो. ते म्हणाले, "भाडं कोर्टाला देता ना? त्यांनाच सांगा." धाकटे जास्त प्रेमळ. त्यांनी बसवलं, पोहे दिले आणि म्हणाले, "भाऊ, खोली माझी आहे हो, पण वरचं छप्पर दादाच्या वाटणीत."

बादली सध्या माझ्या वाटणीत आहे.