साहेबांच्या चिंतनास दंडवत

कार्यसम्राट, सहकारमहर्षी, माजी मंत्री
मा. साहेब यांचे सेवेशी,



पक्षाचे भवितव्य आणि राज्याचे बिघडलेले राजकारण यांवरची आपली प्रदीर्घ मुलाखत आम्ही वाड्यावर उभ्याने ऐकली. खुर्च्या पत्रकारांना दिल्या होत्या. आपले आभार कसे मानावेत? (पक्षाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. पत्र छापून येईपर्यंत ते तेच राहील, याची हमी कोण देणार?)

पक्षाने आत्मचिंतन करावे, असे आपण म्हणालात. केवढा मोठेपणा! आधी आपण पडलात, मग चिरंजीव पडले. तरी आत्मचिंतनाचे काम आपण घरात ठेवले नाहीत, सगळ्या पक्षाला वाटून दिलेत.

2024 च्या विधानसभेत विरोधी पक्षनेतेपदापुरत्या, म्हणजे 288 पैकी 29 जागासुद्धा विरोधातल्या एकाही पक्षाला मिळाल्या नाहीत. तरुणांना संधी दिली नाही म्हणून, हे आपले निदान. अगदी खरे. आपल्या मतदारसंघात मात्र ती दिली होती. चिरंजीवांचे वय अवघे बावन्न.

निकाल 23 नोव्हेंबरला लागला आणि 25 ला, यशवंतराव चव्हाणांच्या पुण्यतिथीला, आपण कराडच्या प्रीतिसंगमावर फुले वाहून आलात. यशवंतरावांचे बेरजेचे राजकारण आपणच पुढे चालवलेत: थोरले कारखान्यावर, धाकटे दूध संघावर, सूनबाई महिला बँकेवर आणि हातचा म्हणून मेहुणे बाजार समितीवर.

फोडाफोडीवर बोलताना आपला आवाज कापरा झाला. 2022 ला शिवसेना फुटली, 2023 ला राष्ट्रवादी. निष्ठा म्हणून काही उरली नाही, म्हणालात. आपण स्वतः पक्षांतरबंदी कायदा कधीही मोडलेला नाही, हे निंदकांनी ध्यानात घ्यावे. हा कायदा 1985 चा. एक तृतीयांश आमदार घेऊन फुटण्याची पळवाटही 2003 मध्ये बंद झाली. पण तो निवडून आलेल्यांसाठी. पडलेल्यांना लागू नाही. म्हणून तर आपण दरवेळी पडल्यावरच पक्ष बदललात. धाकटे चिरंजीव सध्या समोरच्या पक्षात आहेत, तेही मतदारसंघाच्या विकासासाठीच. सत्ता कुणाचीही येवो, वाड्यावरचा लाल दिवा विझू नये, ही आपली तळमळ आम्हांला ठाऊक आहे.

कार्यकर्ता हा पक्षाचा कणा आहे, हे ऐकून तर आमची मान ताठ झाली. कणा सतरंज्या उचलून वाकलाय, तो भाग वेगळा.

साहेब, एक बोलू का? आम्हांला विधानसभा कधीच नको होती. आमची धाव पंचायत समितीच्या गणापर्यंत, फार तर जिल्हा परिषदेच्या गटापर्यंत. 2022 साली राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक येऊन बसले. ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात गेला आणि तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूकच झाली नाही. गावातला पोरगा जिथून राजकारण शिकतो तो दरवाजाच बंद. त्या काळात आपण लोकशाहीवर किती भाषणे केलीत! या दरवाजाबद्दल मात्र चकार शब्द काढला नाहीत. आमच्याच काळजीपोटी, आम्ही जाणतो. निवडणूक नाही म्हणजे तिकीट नाही, तिकीट नाही म्हणजे वाड्यावर गर्दी नाही, कुणाला तोंडावर नकार द्यायला नको.

पुढे निवडणूक लागली आणि आमचा गट सूनबाईंना सुटला. बंडखोरी करू नकोस, हे सांगायला आपण जातीने फोन केलात. एरवी आपला फोन विधानसभेच्या तोंडावरच येतो, त्यामुळे घरच्यांना फार अप्रूप वाटले.

तेव्हा एवढीच विनंती. पक्षाचे भवितव्य वगैरे मुलाखतीत मांडत राहाच. आम्ही उभ्याने ऐकू. पण आपल्या तालुक्याचे अध्यक्षपद दोन वर्षे रिकामे आहे. तिथे कुणालाही बसवा, आडनाव तेवढे वेगळे असू द्या.

आपला आज्ञाधारक,
सतरंज्या उचलणारा एक कार्यकर्ता