चेंडूकडे बघायचं नाही

अमेरिकन फुटबॉल बघताना चेंडूकडे बघायचं नाही, असा आमच्या जावईबापूंचा दंडक आहे. चेंडू अडाण्यांसाठी असतो म्हणे. जाणत्याने ‘मॅचअप’ बघायचे: कुणासमोर कोण उभा आहे आणि कोण कुणाला भारी पडणार. जावई राहतात ओहायो राज्यात, कोलंबसला. तिथल्या ओहायो स्टेट विद्यापीठाचा संघ २० जानेवारी २०२५ ला अटलांटात कॉलेज फुटबॉल प्लेऑफची फायनल खेळणार होता, समोर नोटर डेम. आठवडाभर आधीच फ्रिजवर जोड्यांची यादी लागली. दूध काढायला गेलं तरी आधी डाव्या टॅकलची काळजी वाचावी लागे, मग दार उघडे.

खरं तर कोल्हापूरच्या माणसाला जोडी कशी बघायची हे शिकवायला नको. खासबागेत हलगी घुमायच्या आधी आम्ही दुसरं काय करत असतो? ही जोड तोलाची नाही, हा घिस्सा मारणार, त्याचा दम दहा मिनिटांत संपणार. फरक इतकाच की तिथं आपलं लक्ष एका कुस्तीवर असतं. इथं रेषेवर पाच गडी पुढच्या चौघांना थोपवायला उभे, एकेक जण सव्वा-दीड क्विंटलचा. चेंडू मागे गेला की सगळ्या कुस्त्या एकदम लागतात आणि चार सेकंदांत सुटतातही. मग अर्धा-पाऊण मिनिट मैदानभर पुढच्या चार सेकंदांचा विचार चालतो. एवढा विचारपूर्वक धांगडधिंगा मी दुसरा पाहिलेला नाही.

यादीत पहिलं नाव होतं ओहायो स्टेटच्या डोनोव्हन जॅक्सनचं. हा मूळचा डावा गार्ड. ऑक्टोबरमध्ये ओरेगॉनविरुद्ध डावा टॅकल जॉश सिमन्स जायबंदी झाला, आणि जॅक्सनला एक जागा डावीकडे सरकावं लागलं. एकच जागा! यात काळजी कसली, असं मी म्हणताच जावयांनी सोफ्यावरच्या उशा मांडून मला समजावलं. गार्डला दोन्ही अंगांना सोबत असते. टॅकल मात्र कडेला एकटा, आणि समोरच्या संघातले सगळ्यात चपळ गडी नेमके त्याच कडेनं वळसा घालून पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकवर धावतात. “म्हणजे बाबा, अख्खा सीझन या उशीवर आहे.” मी उशीकडे आदरानं पाहिलं. त्या रात्री झोपताना मला ती मिळाली नाही.

दुसरी जोड जेरेमाया स्मिथची. ओहायो स्टेटचा पास झेलणारा रिसिव्हर, पोरगा पहिल्या वर्षाचा, वय एकोणीस, आणि त्याला अडवायचं कसं यावर पोक्त माणसं टीव्हीवर तासतासभर चिंता करत होती. नोटर डेमची रीत अशी की प्रत्येक रिसिव्हरमागे एकेक माणूस लावून द्यायचा. स्मिथच्या वाट्याला अर्थातच पास अडवणारा कुणीतरी कॉर्नर यायचा, आणि त्यांत एक होता ख्रिश्चन ग्रे. ग्रेचे ग्रह तेव्हा जोरात होते. ९ जानेवारीच्या सेमीफायनलमध्ये शेवटच्या मिनिटात त्यानं पेन स्टेटचा पास हिसकावला होता आणि त्यावरच नोटर डेम २७-२४ नं फायनलला आलं होतं.

मला स्वतःला या यादीबद्दल जरा शंका होती. कारण दुसऱ्याच दिवशीच्या सेमीफायनलमध्ये टेक्सासनं याच स्मिथला अख्ख्या सामन्यात एक झेल आणि तीन यार्डांवर रोखलं, तरी ओहायो स्टेट जिंकलं. का? तर बरोबरी साधायला आलेल्या टेक्सासच्या क्विन यूअर्सच्या हातातला चेंडू ओहायो स्टेटच्या जॅक सॉयरनं उडवला, स्वतःच उचलला आणि ८३ यार्ड पळत नेऊन टचडाउन केला. हा यूअर्स आधी ओहायो स्टेटमध्येच होता आणि हे दोघे एका खोलीत राहायचे. रूम पार्टनरचं जुनं येणं-देणं कुठल्याही तज्ज्ञाच्या यादीत नव्हतं.

त्याहून मोठं उदाहरण सप्टेंबर २०२३ चं. हेच दोन संघ, नोटर डेमचं घरचं मैदान. नोटर डेम पुढे, सामना संपायला काही सेकंद, ओहायो स्टेट गोलरेषेपाशी. जोड्या लावून बघितलं तर अकरासमोर दहाच! सलग दोन डाव नोटर डेमचा एक गडी मैदानात नव्हताच. एक सेकंद उरलेला असताना टचडाउन झाला आणि ओहायो स्टेट १७-१४ नं जिंकलं. आता सांगा, कोण कुणाला भारी पडला? आमच्याकडे वस्तादानं पैलवान आखाड्यात उतरवायचाच विसरला असता, तर त्याला गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. इथले वस्ताद मार्कस फ्रीमन टिकले, सावरले आणि पुढच्याच मोसमात संघ फायनलला घेऊन आले. त्यातून गंमत अशी की फ्रीमन स्वतः ओहायो स्टेटच्या तालमीतले, तिथेच लाइनबॅकर म्हणून खेळलेले.

ओहायो स्टेटचे वस्ताद रायन डे यांचंही बरं चाललं नव्हतं. हे गाव मिशिगनशी सामना असला की त्या आठवड्यात विद्यापीठातल्या पाट्यांवरच्या ‘एम’वर लाल फुल्या मारतं. इतका अक्षरद्वेष करूनही ३० नोव्हेंबरला घरच्या मैदानावर मिशिगनकडून १३-१० अशी हार झाली. शेजारचे निवृत्त गृहस्थ, जे एरवी मला बघून ‘ओ-एच’ ओरडतात आणि मी ‘आय-ओ’ म्हटल्याशिवाय रस्ता सोडत नाहीत, ते त्यानंतर बरेच दिवस नुसतंच बर्फ ओढत राहिले. पण त्या वर्षापासून प्लेऑफमध्ये चाराऐवजी बारा संघ आले होते. जुन्या हिशेबात घरी बसले असते ते लोक टेनेसी, ओरेगॉन आणि टेक्सासला लोळवून अटलांटाला निघाले. डे यांना काढा म्हणणारे शेजारी आता त्यांच्या दूरदृष्टीबद्दल बोलत होते.

फायनलचा दिवस सोमवार. हिचा उपास. एका टेबलावर कोंबडीचे पंख, जयसिंगपूरचं भडंग आणि साबुदाण्याची खिचडी, यांतली एकही जोड तोलाची नव्हती.

नोटर डेमनं सुरुवातच अशी केली की यादीचा कागद थरथरला. त्यांचा क्वार्टरबॅक रायली लेनर्ड पास टाकायचं सोडून स्वतःच डोकं खाली घालून घुसत राहिला. अठरा डाव, ७५ यार्ड, पावणेदहा मिनिटं! पहिला क्वार्टर पंधरा मिनिटांचा, त्यातला बराचसा एकट्यानं खाल्ला आणि शेवटी टचडाउनही त्याचाच. नंतर बिचारा मैदानाबाहेर ओकताना दिसला. “हा आता दमला,” मी म्हणालो. कुस्ती बघितलेल्या माणसाला एवढं कळतं. लगेच ओहायो स्टेटची पाळी. स्मिथ आतल्या बाजूला धावल्यासारखं करून झटकन बाहेर वळला आणि टचडाउन करताना त्याच्या आसपास माणूसच नव्हता. आठवडाभर ज्याच्या नावानं काथ्याकूट झाला, तो एकटा! जावयांनी टीव्ही थांबवून हे मला पुन्हा दाखवलं, मग आणखी सावकाश दाखवलं. या शिकवणीमुळे आम्ही खऱ्या खेळाच्या दोन-तीन मिनिटं मागे पडलो. वरच्या खोलीत फोनवर थेट बघणारी नात किंचाळली की खाली आम्ही सरसावून बसायचो: आता काहीतरी होणार. त्या पोरीनं चारचार वेळा किंचाळून तिसऱ्या क्वार्टरपर्यंत ३१-७ करून टाकलं.

जॅक्सन कसा खेळला? उत्तम खेळला असावा, कारण टीव्हीवाल्यांनी त्याचं नाव फारसं घेतलं नाही. चांगल्या टॅकलची हीच नियती. ओहायो स्टेटच्या विल हॉवर्डचे पहिले तेराच्या तेरा पास पोचले, ते काय हवेत उभं राहून टाकले?

मग नोटर डेम उठलं. ३१-२३ झालं. घरात शांतता, भडंग खाण्याचाही आवाज नाही. थर्ड डाऊन म्हणजे तिसरा प्रयत्न, अजून अकरा यार्ड हवे. थांबवलं तर नोटर डेमला चेंडू मिळणार. आणि तिथं, सगळ्या तज्ज्ञांच्या लाजेकाजेस्तव म्हणा, यादीतली दुसऱ्या नंबरची जोड उभी: स्मिथ आणि समोर एकटा ग्रे. हॉवर्डनं उंच पास टाकला, ग्रे एक पाऊल मागे राहिला, ५६ यार्ड. थोड्याच वेळात फील्ड गोल, ३४-२३, खेळ खल्लास. अकरा दिवसांपूर्वीचा नायक चीत. जावई माझ्याकडे वळून म्हणाले, “बघितलंत बाबा?” बघितलं कसलं, मी सवयीनं चेंडूकडे बघत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिजवर नवा कागद. पुढच्या मोसमाचा पहिला सामना, ३० ऑगस्ट, कोलंबस, समोर पुन्हा टेक्सास. जावई म्हणाले, आई-बाबा, ऑगस्टमध्ये परत याच, स्टेडियममध्ये बघू, लाखाच्या वर माणूस असतं. मी ‘हो’चा ‘ह’ काढला तोवर हिनं चष्मा लावून मोबाइलमधलं पंचांग उघडलं होतं. ३१ ऑगस्टला गौरी येणार होत्या. टेक्सास एका बाजूला, गौरी दुसऱ्या बाजूला. या जोडीचा निकाल लागायला थर्ड डाऊनपर्यंत थांबावं लागलं नाही.