शुभेच्छुकांचा गाऊन

आमची भाची डोंबिवलीत राहते आणि फॅशन डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. या सत्रात तिला टाकून दिलेल्या मालातूनच कपडा शिवायचाय. तेव्हापासून तिला जगात वस्तू दिसत नाहीत, 'मटेरिअल' दिसतं. पाहुणा छत्री मिटत आत आला की ही आधी छत्रीचं कापड चिमटीत धरून बघते, मग 'या' म्हणते.

बोहारीण दारात आली की दोघींची जुंपते. जुन्या साड्यांवर बोहारीण स्टीलचा डबा देते, भाची पर्यावरणावर माहिती देते. ताई अर्थातच डबा घेते.

मराठी माणसाला पानिपत म्हटलं की १७६१ आठवतं. हिला तिथल्या चिंध्या आठवतात. परदेशातले जुने लोकरी कपडे तिथे येतात, रंगवार निवडले जातात म्हणजे पुन्हा रंगवायला नको, मग फाडून, पिंजून त्यांचं सूत आणि सुताची ब्लँकेटं होतात. हे सगळं ती आपण आमटी वाढून घेत असताना सांगते. सुती कापडात स्पॅन्डेक्स मिसळला की त्याचं पुन्हा सूत काढणं कठीण, हे सांगताना तर विश्वासराव आत्ताच पडले असा चेहरा होतो.

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये जीन्स शिवणारे कारखाने आहेत. तिथली कातरणं पोत्यात भरून ती लोकलने आणते. घरात पोतं सोफ्यावर असतं, आपण खाली. खरं सांगायचं तर त्या कातरणांचं तिने जाकीट केलं ते झकास होतं. मला झालं असतं तर मी परत दिलं नसतं.

पण कळस म्हणजे गाऊन. गल्लीतल्या एका इच्छुक उमेदवाराच्या वाढदिवसाचा फ्लेक्स तिने कार्यकर्त्यांकडून मागून आणला. फ्लेक्स म्हणजे पीव्हीसी. त्याला इस्त्री चालत नाही, हवा खेळत नाही, एकदा सुई घुसली की भोक बुजत नाही, आणि टाके बारीक घातले तर टपालाच्या तिकिटासारखा सरळ रेषेत फाटतो. म्हणून जाड सुई, लांब टाका. तरी साहेबांचे हात नेमके मॉडेलच्या पाठीवर जोडले गेले आणि शुभेच्छुकांची रांग बाहीतून काखेत शिरली.

कचऱ्यातून वाचवलेल्या या गाऊनला अस्तर, चेन आणि बकरम मात्र भुलेश्वरहून नवंकोरं आलं. मी हिशेब विचारला. "मामा, कन्सेप्ट बघ ना!"

माझ्या आईने कन्सेप्ट बघितला नाही. जुन्या लुगड्याची झबली-दुपटी शिवण्यात तिची हयात गेली. नवं कापड बाळाला टोचतं म्हणून. तिने गाऊन उलटा केला, अस्तरावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "पोरी, हे उसव." कॉलेजातल्या सरांशी तासभर वाद घालणारी भाची निमूट उसवायला बसली.

ज्यूरीच्या दिवशी मॉडेलला गाऊनमध्ये बसता येईना, म्हणून ती चार तास उभी होती. ग्रेड 'ए' मिळाली. साहेबांना तिकीट मिळालं नाही.

पुढच्या सत्रात रेनकोट आहे. तुमच्या वॉर्डात एखादा फ्लेक्स उतरणार असेल तर कळवा. चेहरा कुणाचाही चालेल, पक्षाची अट नाही.